पळसनाथाच्या काठावर मुक्काम

शके १०७९, चैत्र

तुमच्या पायाखाली वाळू आहे. जाड, पिवळसर, सकाळच्या उन्हातही अजून गार असलेली भीमेची वाळू. चार पावलं टाकली की पाय घोट्यापर्यंत रुततो. पात्र मोठं आहे, पण चैत्रात पाणी एवढंसंच उरलंय आणि धार पलीकडच्या काठाला चिकटून वाहते आहे. त्या काठावर एक गुराखी गुरं पाण्यावर घेऊन आलाय आणि अलीकडच्या कुणाशी तरी बोलतोय. ओरडत नाही, नुसता आवाज चढवून बोलतोय. पलीकडे जायचं तर गुडघाभर पाण्यातून चालत जायचं, एवढंच. हे अंतर लक्षात ठेवा. पुढच्या पावणेनऊशे वर्षांत तुम्ही याच जागी उभे राहणार आहात. राजे येतील-जातील, भाषा वळण बदलेल, पण तुमच्या डोळ्यांदेखत सगळ्यात जास्त बदलणार आहे ते या दोन काठांमधलं अंतर.

मागे वळा. काठाला चढ आहे आणि चढावर पळस फुललाय. पान एक नाही, नुसती भगवी फुलं. त्या झाडांच्या आडून टाकीचे घाव ऐकू येतात. पळसनाथाच्या देवळाच्या दारी दगडावर अक्षरं उमटताहेत. इसवी सनाच्या हिशेबात हे ११५७ साल. या लेखात चंगदेव नावाच्या दंडनायकाचं नाव कोरलं जातंय. तिकडे कल्याणीला चालुक्यांचं सिंहासन डळमळलंय, बिज्जल कलचुरी स्वतःला राजा म्हणवून घेऊ लागलाय आणि त्याच कल्याणीत बसवेश्वर माणसांना नवी वाट दाखवताहेत. ज्ञानेश्वरी लिहिली जायला अजून १३३ वर्षं आहेत. पाथरवटाला यातलं काही ठाऊक असायचं कारण नाही. दगड टिकतो आणि दगडाभोवती गाव टिकतं, एवढ्याच भरवशावर तो घाव घालतोय.

पळसदेव गावात शिरा. पांढऱ्या मातीची घरं, वर माळवद, धूर जायला सवणं. अंगणात जातं. शेतातला शाळू खळ्यावरून आत आलाय. पाऊस इथे मोजकाच पडतो. सह्याद्री पश्चिमेला दूर राहिला, त्याच्या पावसाचं पाणी नदी घेऊन येते, पण आभाळ मात्र कोरडंच जातं. म्हणून गाव नदीला धरून आहे. गुरं नदीवर, धुणं नदीवर, आणि मेलेल्या माणसाची राखही नदीतच.

सतरावं शतक, परगणे इंदापूर

आता तुमच्या अंगावरून धूळ उडवत घोडी निघून जातात. बुटकी, काटक, दगडधोंड्यात न अडखळणारी. ही भीमथडीची तट्टं. याच काठाच्या गवतावर वाढलेली जनावरं पुढे यमुनेचं पाणी पिऊन येतील, असं मराठी माणूस अभिमानानं सांगणार आहे. शतकाच्या सुरुवातीला मालोजीराजे भोसले इंदापूरच्या लढाईत पडले. पुढे पुणे, सुपे, चाकण आणि इंदापूर ही शहाजीराजांची जहागीर झाली. पळसदेव या सगळ्याच्या वाटेवरचं गाव. लढाईत पडलेल्यांचे वीरगळ आणि मागे राहून सती गेलेल्या बायकांच्या शिळा देवळाच्या आवारात उभ्या आहेत. एखाद्या शिळेला हात लावून पाहा. खालच्या कप्प्यात लढाई, वरच्या कप्प्यात वीर महादेवाच्या पिंडीपुढे बसलेला. मरणाला जागा देण्याची ही या मुलखाची रीत. गावाला आपली माणसं कुठे पडली ते ठाऊक असतं आणि तिथे ते दगड उभा करतं.

१८५८

पश्चिमेकडून एक नवा आवाज येतोय, तालात आणि जड. पुण्याहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची लाइन डिकसळपर्यंत पोचली आहे. पुढच्याच वर्षी ती सोलापूरच्या दिशेनं आणखी पुढे सरकेल आणि भीमेवर दगडी पूल उभा राहील. काठावरचे लोक इंजिनाचा धूर बघायला उभे राहिलेत. आता नदी पाय ओले न करता ओलांडता येणार आहे. अंतर अजून तेवढंच आहे, गुराख्याची हाक अजून पलीकडे ऐकू जाते. पण दूरच्या कचेरीत बसून आखलेली रेघ या काठाचं आयुष्य बदलू शकते, हे भीमेला आज पहिल्यांदा समजतंय. त्या रुळांनाही एक दिवस या पाण्यापुढे वाट बदलून दूर सरकावं लागणार आहे.

२९ ऑगस्ट १९३०

या प्रवासात एकदाच भीमाकाठ सोडा. पुढे पळसदेवला जे घडणार आहे, ते नीट कळायला हा मुक्काम लागतो.

तुम्ही उत्तर अटलांटिकमधल्या एका बेटावर आहात. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज बेटांची रांग आहे आणि त्या रांगेच्याही पलीकडे, साठाहून जास्त किलोमीटर समुद्रात, सेंट किल्डा हा बेटांचा पुंजका. त्यातल्या हिर्टा या बेटावर एकच गाव आहे आणि त्याला एकच रस्ता. समुद्रावर तुटलेले प्रचंड कडे, आणि त्या कड्यांवर लाखो समुद्रपक्षी. इथली माणसं दोर बांधून कड्यावर उतरायची, पक्षी आणि अंडी गोळा करायची, त्यांचंच मांस खारवून हिवाळा काढायची. तेल पक्ष्यांचं, पिसं पक्ष्यांची, जमिनीचा खंडही पिसांत भरायचा.

आज गाव रिकामं होतंय. माणसं उरली आहेत ३६. तरुण बाहेर गेले, आजारपणात मदत पोचेना, म्हणून लोकांनी स्वतःच सरकारला लिहून कळवलं की आम्हाला इथून न्या. ब्रिटिश नौदलाचं 'हेअरबेल' हे जहाज खाडीत उभं आहे. घरातून निघताना माणसांनी टेबलावर बायबल उघडं ठेवलंय आणि शेजारी मूठभर ओट. दार लावून ती जहाजाकडे चालली आहेत.

त्यांच्या मागून चालताना एक गोष्ट मनाशी नोंदवा. इथे गाव जातंय, पण जागा राहते. घरांच्या भिंती राहणार आहेत. १९५७ साली हे बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे येईल. पुढच्या वर्षापासून उन्हाळ्यात स्वयंसेवक येऊन राहतील, ढासळलेल्या भिंतींचे दगड पुन्हा रचतील, आणि कोणतं घर कुणाचं होतं ते टिपून ठेवतील. सुट्टीला जायचं आणि सुट्टीतच त्या जागेची चाकरी करायची, अशी तिथली रीत पडेल. युनेस्को या बेटाला आधी निसर्गासाठी आणि नंतर संस्कृतीसाठीही जागतिक वारशाचा मान देईल. ३६ माणसांच्या गावाची एवढी आठवण ठेवली जाते.

आता परत चला. भीमेला.

१९७२

आभाळ पांढरं पडलंय. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस फिरकला नाही. विहिरींचे तळ दिसताहेत. तुम्ही दुष्काळी कामावर आहात. हातात हातोडी, समोर दगडाचा ढीग, आणि त्याची खडी करायची आहे. शेजारच्या बाईनं डोक्यावरचा पदर दातात धरलाय, तिचं पोर टोपलीच्या सावलीत झोपलंय. दुपारी सुकडी वाटतील. रात्री घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी, जी थापताना तुटते.

"धरान व्हतंय म्हनं खाली," बाई म्हणते. "मग पानी मिळंल."

"कुणाला?"

"समद्यास्नी."

तिचं खरंही आहे. खाली उजनीला साठच्या दशकाच्या अखेरीपासून धरणाचं काम चालू आहे. १९७२ नं महाराष्ट्राला जो चटका दिला, त्यानंतर मोठ्या धरणाची गरज कुणाला पटवून द्यायची वेळ उरली नाही. सोलापूर जिल्हा तहानलेला आहे. शाळूच्या पट्ट्यात ऊस दिसावा, हे स्वप्न खोटं नाही. पण 'समद्यास्नी' या शब्दात ही बाई स्वतःलाही मोजते आहे. पाणी तिच्या रानाला मिळण्याआधी तिच्या घरावरून जाणार आहे, हे तिला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

१९७० च्या दशकाची अखेर

आता सावकाश चाला. हे गाव तुम्ही शेवटचं बघताय.

घरांची छपरं उतरवली जाताहेत. माळवदाची माती फावड्यानं ओढून काढली की खालच्या तुळया मोकळ्या होतात. त्या मोजून बैलगाडीवर चढतात. चौकटी निघाल्या, दारं निघाली, खुंट्या निघाल्या. खणावर मोजलेल्या घराला आता चार भिंती आणि डोक्यावर ऊन. जातं न्यायचं, उखळ राहू दे. कुणी म्हणतं पाटाही राहू दे, नवा घेऊ. म्हातारी ऐकत नाही, पाटा गाडीत चढवायला लावते. शाळेतून आलेला एक पोरगा आपल्या घराच्या जागी उभा राहून कुठून आत शिरायचं ते शोधतोय.

राज्यात पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली. धरण त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं. पुणे, सोलापूर आणि नगर या तीन जिल्ह्यांतली डझनावारी गावं पाण्याखाली जाणार आहेत. करमाळ्याकडची, कर्जतकडची, दौंड आणि इंदापूरची. हिर्टाच्या लोकांनी 'आम्हाला न्या' असा अर्ज केला होता. इथे अर्ज नाही, नोटीस आहे. लोकांनी ती घेतली. कुणी भांडून, कुणी रडून, कुणी नशिबाला बोल लावून. आणि बहुतेकांनी या समजुतीनं, की आपण दिलं म्हणजे खाली कुणाचं तरी पिकेल.

सगळं गाडीत चढतं, देऊळ चढत नाही. वर रस्त्याच्या अंगाला नवं गावठाण आखलंय. तिथे पळसनाथाचं नवं मंदिर उभं राहणार आहे. जुनं देऊळ आपल्या दगडी भिंती, कोरीव खांब, विटांचं उंच शिखर आणि आवारातल्या वीरगळांसह जागेवर राहील. शेवटच्या दिवशी बायका उंबऱ्यावर पाणी घालतात. पुजारी दिवा लावतो. त्याला ठाऊक आहे की हा दिवा विझला की इथे परत लावायला कुणी नसणार.

मग पाणी येतं. पुरासारखं धावून येत नाही. रात्रीतून ओढा फुगतो, सकाळी वेशीबाहेरचं रान ओलं, दुसऱ्या दिवशी बांध बुडालेले, तिसऱ्या दिवशी बाभळीचं खोड. बिळांतून उंदीर निघतात, साप निघतात, मुंग्यांची रांग भिंतीवर चढते. नदी आता वाहत नाही, नुसती पसरते. तुम्ही नव्या गावठाणाच्या चढावर उभे आहात. एकेक भिंत भिजून आत कोसळते तेव्हा धप्प असा आवाज येतो. शेजारचा माणूस आवाजावरून ओळखतो, "वाणगल्ली गेली."

जून १९८० मध्ये धरण पुरं झालं. या पाण्याला यशवंतसागर म्हणतात. एकूण साठा ११७ टीएमसीच्या आसपास. त्यातला ६३.६६ टीएमसी अचल, म्हणजे कालव्यात न येणारा, तळाचा. या अचल पाण्याखाली तुमचं गाव आहे. आणि पलीकडचा काठ? हात डोळ्यांवर धरून बघा. तिकडे झाडं आहेत की घरं ते कळत नाही. गुराख्याची हाक आता कुणालाच ऐकू येणार नाही.

मे २०२४

तुम्ही नदीच्या तळावरून चालताय. गाळ वाळून त्याला हातभर भेगा पडल्यात. पायाखाली शिंपले कुरकुरतात. तुटलेल्या जाळ्यांचे गुंते, एखादी उपडी होडी. २०२३ चा पावसाळा हुलकावणी देऊन गेला, धरण भरलंच नाही, आणि आता साठा शून्याच्या खाली गेलाय. इथल्या बोलीत 'उजनी मायनसमध्ये गेली'. काही दिवसांत हा आकडा उणे ६० टक्क्यांपर्यंत जाईल. पाणी उतरताना आधी शिखराचं टोक दिसलं, मग शिखर, मग देवळाभोवती पाणी असताना काही दिवस एक बेट. आता पाणी एवढं मागे हटलंय की तुम्ही चालत देवळापर्यंत जाऊ शकता.

आत जा. अंधार, गारवा, चिखलाचा वास. खांबांवरची नक्षी गाळ पुसला की तशीच आहे. विटांचं शिखर चाळीसहून जास्त वर्षं पाण्यात जाऊन-येऊनही उभं आहे. बाहेर वीरगळ तिरके झालेत, काही पडलेत. जवळच रामायणातले प्रसंग दगडात कोरलेलं दुसरं देऊळ आहे, त्याच्या भिंतीवरून बोट फिरवलं की वानरांची ओळ लागते. देवळांपेक्षा जास्त काही सांगतात ती घरांची जोती. दगडांच्या चौकोनी ओळी, मध्ये गल्ली, गल्लीच्या टोकाला पार. गावाचा नकाशा जमिनीवर तसाच काढलेला आहे.

नवरदेव-नवरीचे फोटो काढायला आलेली मंडळी आहेत, मोबाइल उंच धरलेली पोरं आहेत. त्यांच्यात एक सत्तरीची बाई नातवाचा हात धरून चालते आहे. पिशवीत नारळ, हळदीकुंकू. ती कुणाला विचारत नाही. सरळ एका जोत्यापाशी थांबते.

"आज्जी, हे काय होतं?"

"ही आमची वेस बाळा. लगीन होऊन मी ह्याच वेशीतनं आत आले. आन् ह्यो उंबरा, बघ, ह्यो आमचा."

ती जोत्यावर बसते. नातू बसत नाही, त्याला चिखल लागेल याची काळजी आहे. ती त्याला हातानं दाखवत जाते. इथे चूल, इथे कणगी, इथे तुझा आज्जा निजायचा. नातवाला या क्षणापर्यंत गाव म्हणजे हायवेलगतचं गावठाण एवढंच ठाऊक होतं.

या मे महिन्याची आणखी एक बाजू आहे, ती टाळून पुढे जाता येत नाही. २१ मेच्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. कुगाव आणि कळाशी एकमेकांसमोरची गावं. पाणी यायच्या आधी सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं नदीपलीकडे चालत जाऊन व्हायचं. आता रस्त्यानं जायचं तर लांबचा वळसा, नाहीतर होडी. दूरच्या बेटांवरच्या लोकांना बोटीचं जे भय आणि जी गरज असते, ती इथे कोरड्या मुलखाच्या मधोमध येऊन बसली आहे. सहलीला येणारा माणूस होडीत मौजेसाठी बसतो, इथला माणूस औषध आणायला.

मग पाऊस आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उजनी भरली. आज्जीचा उंबरा पुन्हा खाली गेला.

जानेवारी, आत्ता

आता तुमच्या सुट्टीकडे या. पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागा. भिगवण मागे टाकलं की डाव्या हाताला पाणी चमकू लागतं. पळसदेव पुण्यापासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर. मुक्काम जवळच्या कुंभारगावला करा, किंवा डिकसळच्या बाजूला. कोळी-भोयांच्या घरांत आता पाहुण्यांच्या खोल्या आहेत. रात्री जेवायला चिलापीचं कालवण, तळलेला तुकडा, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. चिलापी मूळची आफ्रिकेची, इथल्या पाण्यात ती इतकी फोफावली की आता भिगवणच्या बाजाराची ओळखच झाली. जेवताना घरधन्याला नदीच्या जुन्या माशांबद्दल विचारा. वाम, मरळ, शिंगटा, खवल्या ही नावं तो एकामागून एक घेईल, आणि यातलं आता किती कमी मिळतं तेही सांगेल. बारीक आसाची 'वडाप' जाळी पिल्लंसुद्धा ओढून नेतात, हेही तोच सांगेल.

पहाटे अंधारात होडीवर या. थंडी बोचते. लाइफ जॅकेट घाला, नको वाटलं तरी घाला. होडीवाला इंजिन लवकर बंद करतो आणि बांबूनं होडी ढकलू लागतो, कारण आवाजानं पक्षी उठतात. आधी ऐकू येतात चक्रवाकांच्या जोड्या. मग शेकाटे, नदी सुरय, चमचे, मोर शराटी. उथळ पाण्यात राखाडी-पांढऱ्या पट्टकदंबांचा थवा बसलाय. हिमालय ओलांडून आलेले हे हंस. चित्रबलाक मात्र इथलेच घरवाले. त्यांची वीण भादलवाडीच्या तळ्यावर आणि इंदापूर कचेरीच्या आवारातल्या झाडांवर होते.

उजाडतं तशी दूरची पांढरी रेघ गुलाबी होते. रोहित. मान खाली, चोच उलटी करून ते चिखलात फिरवताहेत. जिभेनं पाणी आत ओढायचं, चोचीच्या कडेच्या जाळीतून बाहेर टाकायचं, आणि शेवाळ, किडे, अळ्या तेवढ्या गाळून घ्यायच्या. याच खाण्यातून पंखांना रंग चढतो. कच्छच्या रणात यांची वीण होते. तिथून ते इथे येतात ते या उथळ चिखलासाठी. आणि हा चिखल नदीनं नाही, धरणानं दिलाय. हिवाळ्यात सोलापूरकडे कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी उतरतं, काठ उघडे पडतात, रोहितांचं ताट वाढलं जातं. खालच्या शाळूला, उसाला जाणारं पाणी, पाण्याखालचं गाव आणि पाण्यावरचा हा गुलाबी थवा ही एकच गोष्ट आहे. तिचा एक भाग बघायचा आणि दुसरा विसरायचा, असं करता येणार नाही.

होडीच्या कडेनं पाण्यात हात घाला. हिरवट आहे. उन्हाळा लागला की वास येतो, जलपर्णी वाढते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथे येतं. तुम्ही पुण्याचे असाल तर तुमच्या घरातलं पाणी तुमच्या आधी इथे पोचलेलं आहे. हे आरोपाच्या सुरात सांगत नाही. पण या काठाशी आपलं नातं फक्त पाहुण्याचं नाही, हे मान्य करायला ते पुरेसं आहे.

दुपारी काठ सोडून माळावर जा. कडबनवाडीच्या गवताळ रानात चिंकारा दिसतो, नशीब असेल तर खोकड आणि लांडगाही. धरणाचं पाणी जिथे पोचलं नाही, तो जुना कोरडा मुलूख इथे अजून श्वास घेतोय. संध्याकाळी पळसदेवला या. पाणी भरलेलं असेल तर देवळाच्या जागी फार तर शिखराचा तुकडा दिसेल. होडीवाला बांबू टेकवून सांगतो, "हितं खाली गाव हाय. माजा बा ह्या गल्लीत जल्मला."

पाहुण्यानं काय करावं

स्कॉटलंडच्या पश्चिमेला एग नावाचं आणखी एक बेट आहे. १९९७ साली तिथल्या साठ-पासष्ट रहिवाशांनी, इतरांच्या मदतीनं, आपलं बेट जमीनमालकाकडून विकत घेतलं. तेव्हापासून तिथे कुठे काय बांधायचं, पाहुण्यांना कसं सामावून घ्यायचं, हे बेटावरची माणसं ठरवतात. इथेही तेच व्हावं. काठावर उद्या मोठी रिसॉर्ट उभी राहतील. तेव्हा ज्यांची घरं या पाण्याखाली गेली, त्यांच्या पोरांच्या हाती वल्हं, स्वयंपाकघर आणि हिशेबाची वही राहायला हवी. म्हणून मुक्काम गावातल्या घरीच करा. होडीचं ठरलेलं भाडं घासाघीस न करता द्या. एका सकाळीत फोटो काढून परत फिरू नका, दोन रात्री तरी राहा.

आणि विचारा. ही या प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. देवळाचं मोजमाप अभ्यासक घेतात, शिलालेख ग्रंथांत नोंदवला जातो. पण कोणत्या जोत्यावर कुणाचं घर होतं, चावडी कुठल्या अंगाला होती, लग्नाची वरात कोणत्या गल्लीतून यायची, पाण्यात कोसळणारी भिंत कुणी आवाजावरून ओळखली, हे फक्त माणसांच्या मनात आहे. गाव सोडताना जो पोरगा पंधरा वर्षांचा होता, तो आज साठीच्या पलीकडे गेलाय. गावात राहिलेल्यांची, गावात लग्न होऊन आलेल्यांची ही शेवटची पिढी. पुढच्या वीस वर्षांत ही आठवण सांगणारं कुणी उरणार नाही. सेंट किल्डाच्या ३६ माणसांची घरं कुणाची ते आज सांगता येतं, कारण कुणीतरी वेळेत विचारलं आणि लिहून ठेवलं. भीमेच्या काठी माणसं त्याहून कितीतरी जास्त होती.

पुन्हा कधीतरी उजनी मायनसमध्ये जाईल. ती वेळ दुष्काळाची असेल, लोकांच्या पोटाची असेल, पण तेव्हाच गावाचा नकाशा पुन्हा जमिनीवर उमटेल. त्या उन्हाळ्यात सेल्फीपुरते येऊ नका. मोठा कागद, दोरी, टेप आणि आवाज टिपणारा फोन घेऊन या. गावातल्या शाळेला, ग्रामपंचायतीला आधी सांगा. एखाद्या आज्जीला, एखाद्या तात्याला हाताला धरून खाली न्या, आणि ते थांबतील त्या प्रत्येक जोत्यावर नाव लिहा. वीरगळ उचलून नेऊ नका, कुणी नेत असेल तर अडवा. संध्याकाळी तो नकाशा शाळेच्या भिंतीवर लावा. उद्या पोरं त्यात आपलं आडनाव शोधतील, आणि आपला आज्जा कोणत्या गल्लीत राहायचा ते त्यांना सापडेल.